हळदीकुंकवाच्या बैठकीत पाळीचा विषय: नाशिकमध्ये सुरुवात करणाऱ्या मुलींसाठी

नाशिकमध्ये बायका एकत्र जमत नाहीत असा आठवडा सापडणं कठीण. एकादशीचं भजन, चातुर्मासातली प्रवचनं, विहारातला वर्षावास, मोहल्ल्यातल्या घरी भरणारा बायकांचा इज्तेमा, रविवारच्या प्रार्थनेनंतरची चर्चमधली महिला सभा, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू. एरवी दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या बायका इथे आपण होऊन येतात आणि तास-दोन तास निवांत बसतात. पाळी, अंगावरून पांढरं जाणं, गर्भनिरोधन, संमती या गोष्टी त्यांच्याशी बोलायच्या असतील तर याहून चांगली जागा मिळणार नाही. पण एक चुकीचा शब्द गेला की हीच जागा दोन वर्षांसाठी बंद होते.

हा लेख अठरा ते तीस वर्षांच्या मुलींसाठी आहे, त्यातही ज्यांना आपल्याच समाजात, आपल्याच मंडळात हे काम सुरू करायचंय त्यांच्यासाठी. दुसऱ्यांच्या समाजात जाऊन सुरुवात करू नका. तिथे तुमची प्रत्येक सूचना टीका म्हणूनच ऐकली जाते.

उद्दिष्ट छोटं ठेवा. पहिल्या बैठकीत कुणाचं मत बदलायचं नाही. बायकांनी प्रश्न विचारावेत आणि पुढच्या बैठकीपर्यंत त्यांना खरं उत्तर मिळावं, एवढं जमलं की पुरे. खालच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्यासाठीच आहेत. तयारीला साधारण सहा आठवडे धरा.

१. विषय एकच घ्या

‘लैंगिक आरोग्य’ हा पहिल्या बैठकीचा विषय होऊ शकत नाही. त्यातला एक तुकडा उचला. हे चार तुकडे सहसा चालतात:

- पाळी आणि रक्तक्षय
- सणावाराला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या
- अंगावरून पांढरं जाणं
- गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग

पहिला सगळ्यात सोपा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे बैठकीतल्या दर दुसऱ्या बाईचा हा घरचाच विषय. दुसरा सगळ्यात गर्दी खेचणारा. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

गर्भनिरोधन, एचआयव्ही, नवऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क हे विषय तिसऱ्या-चौथ्या बैठकीला घ्या. ते टाळायचे नाहीत. पण ज्या बाईने आपली पाळीची तारीखही कुणाला सांगितलेली नाही, तिला पहिल्याच दिवशी निरोध दाखवला तर ती उठून जाईल आणि चार जणींना घेऊन जाईल.

२. दार उघडणारी बाई शोधा

प्रत्येक धर्मस्थळाला एक अध्यक्ष असतो आणि एक अशी बाई असते जिच्याकडे सभागृहाची चावी, सतरंज्या आणि बायकांचे फोन नंबर असतात. तुम्हाला ही दुसरी हवी. मंदिराच्या ट्रस्टमध्ये हॉल द्यायचा की नाही ते विश्वस्त ठरवतात, पण त्यांच्या कानावर घालणारी भजनी मंडळातली एखादी काकूच असते. मोहल्ल्यात बायकांचे इज्तेमा बहुधा कुणाच्या तरी घरी होतात आणि तिथे आपा किंवा आलिमा (धर्माचं शिक्षण घेतलेली बाई) यांच्या शब्दाला वजन असतं. विहारात महिला मंडळ असतं. चर्चमध्ये महिला गटाच्या बाई आधी आणि फादर नंतर, हा क्रम चुकवू नका. जैन समाजात महिला मंडळ आणि बहू (सुनांचं) मंडळ वेगळं असेल तर बहू मंडळापासून सुरुवात सोपी जाते.

तिला एकटीला भेटा, तिच्या घरी, दुपारी. विचारणं साधं ठेवा: ‘काकू, आपल्याकडे येणाऱ्या मुलींना पाळीत फार त्रास होतो, कितीतरी जणींचं रक्त कमी आहे. एक नर्सताई तासभर बोलायला तयार आहेत. तुम्ही शेजारी बसाल का?’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मोठी बाई शेजारी बसलेली दिसली की तरुण सुनांना ‘हे ऐकलं तर चालतं’ असा निरोप पोहोचतो.

इथे एक चूक हमखास होते. विरोध होईल या भीतीने मुली विषयच लपवतात. ‘पोषण आहार शिबिर’ म्हणून हॉल घेतात आणि आत पाळीवर बोलतात. पहिल्या दिवशी निभावतं, पण ज्या काकूंनी शब्द टाकला त्यांना विश्वस्तांसमोर खोटं पडावं लागतं. सौम्य शब्द वापरा, पण खरा विषय सांगा. ‘बायकांचं आरोग्य: पाळी आणि रक्त कमी असणं’ असा मथळा पुरेसा सौम्य आणि पुरेसा खरा आहे.

तिने ‘नको’ म्हटलं तर कारण विचारून परत या. महिन्याभराने पुन्हा जा. तिला डावलून थेट अध्यक्षांकडे गेलात तर दोन्ही दारं बंद होतील.

३. कागद आणि सामान

कागद:

- एका पानाचं विनंतीपत्र. तारीख, वेळ, विषय, वयोगट, बोलणाऱ्या ताईंचं नाव व पद. त्यात दोन ओळी स्पष्ट लिहा: बैठकीत पुरुष नसतील, फोटो, व्हिडिओ काढले जाणार नाहीत.
- पत्राची पोच. दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घ्या. वाद झाला तर परवानगी होती हे तोंडी सांगून कुणी मानत नाही.
- अठरा वर्षांखालच्या मुली येणार असतील तर आई-वडिलांपैकी एकाचं संमतीपत्र, त्यावर विषय लिहिलेला.
- आरोग्यसेविका, नर्स किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ यांचा होकार, शक्यतो लेखी. आपल्या भागातल्या आशाताईंना आधी विचारा. घरोघर त्यांची ओळख असते.
- पुढे कुठे जायचं त्याची यादी (पायरी ८ पाहा).

सामान:

- झाकण असलेला पुठ्ठ्याचा डबा, वर चिठ्ठी जाईल एवढी फट
- एकाच आकाराच्या कोऱ्या चिठ्ठ्या आणि एकाच प्रकारच्या पेन्सिली. कुणी स्वतःच्या हिरव्या पेनाने लिहिलं तर चिठ्ठी कुणाची ते लगेच कळतं.
- पॅड, सुती कापड, मेन्स्ट्रुअल कप, प्रत्येकी एक, हाताळायला
- छोटी स्टीलची वाटी, कुंकवाचं किंवा बीटाचं पाणी, औषधाचं मापाचं झाकण
- पोटाच्या आतल्या अवयवांचं कापडी किंवा छापील चित्र
- मणी ओवलेली दोरी, चक्र समजावण्यासाठी

शेवटच्या दोन गोष्टींबद्दल एक इशारा. चित्र फक्त आतल्या अवयवांचं असू द्या, पूर्ण उघडं शरीर नको. आणि मण्यांच्या दोरीसाठी जपमाळ, तसबीह किंवा रोझरी कधीच वापरू नका, हाताशी असली तरी नाही. बाजारातून २८ रंगीत मणी आणून साध्या दोऱ्यात ओवा.

४. जागा आणि दिवस

जागेची सर्वात मोठी चूक अशी, की पाळीवरची बैठक देवळाच्या सभामंडपात ठेवली जाते. त्या दिवशी ज्यांना पाळी आली आहे त्या बायका येतच नाहीत. म्हणजे जिच्यासाठी बैठक, तीच बाहेर. मशिदीच्या आवारातही हीच अडचण. म्हणून शेजारचं मंगल कार्यालय, शाळेचा वर्ग, कुणाचं मोठं घर किंवा सोसायटीची गच्ची घ्या. विहार आणि चर्चच्या सभागृहात सहसा हा प्रश्न येत नाही, तरी एकदा विचारून घ्या.

हळदीकुंकवाला जोडून बैठक घेणं सोयीचं असतं, पण अनेक घरांत आजही विधवांना बोलावणं जात नाही. परित्यक्ता आणि अविवाहित मुलीही कडेला राहतात. पाळी थांबताना होणारा त्रास, अंगावर जाणं, कर्करोगाची तपासणी हे सगळं त्यांनाही लागतंच. तेव्हा कुंकू लावण्याचा कार्यक्रम आधी उरकून घ्या आणि मग अर्ध्या तासाने ‘तिळगूळ आणि आरोग्याची बैठक’ असं वेगळं आमंत्रण द्या. त्या दोघी-तिघींना तुम्ही स्वतः घरी जाऊन बोलवा. निरोपावर त्या येणार नाहीत.

दिवस ठरवताना: बुधवारी गोदाघाटावर बाजार असतो, पंचवटी आणि जुन्या नाशिकमधल्या बायका त्या दिवशी मोकळ्या नसतात. रमजानात संध्याकाळ मिळणारच नाही, पुढचा शव्वाल महिना उजाडू द्या. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत; तेव्हा रामकुंडाच्या आसपासचे रस्ते बंद असणार, म्हणून त्या महिन्यांतल्या बैठका सिडको, सातपूर, नाशिकरोडकडे धरा. वेळ दुपारी तीन ते सव्वाचार. मुलं शाळेत, स्वयंपाक झालेला, पाणी यायची वेळ अजून लांब.

भाषेचाही विचार करा. सिडको-सातपूरला खानदेशातून आलेली कितीतरी घरं अहिराणी बोलतात, जुन्या नाशिकमध्ये दखनी हिंदी चालते. ‘मासिक स्राव’ म्हणू नका. अडचण, बाहेरची, कावळा शिवला, एमसी, हैज, जो शब्द समोरच्या वापरतात तो आधी घ्या आणि मग हळूच ‘पाळी’वर या.

५. पंचाहत्तर मिनिटं

पहिली दहा मिनिटं: काकू किंवा आपा दोन वाक्यं बोलतात आणि नेहमीची प्रार्थना होते. ती गाळू नका. तुमची श्रद्धा काहीही असो, ही त्यांची बैठक आहे. मग तीन नियम सांगा: इथलं नाव बाहेर न्यायचं नाही, कुणाला हसायचं नाही, मोबाईल पिशवीत.

पुढची वीस मिनिटं नर्सताईंची. त्यांना आधीच सांगून ठेवा की व्याख्यान नको, या गोष्टी नक्की सांगा:

- पाळीचं चक्र २१ ते ३५ दिवसांचं असणं सामान्य आहे. वयात येणाऱ्या मुलींमध्ये ते ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतं. प्रत्येकीला अठ्ठाविसाव्या दिवशीच यावी असा काही नियम नाही.
- रक्त दोन ते सात दिवस जातं. एका पाळीत एकूण साधारण ३० ते ४० मिली. इथे वाटी काढा आणि मापाच्या झाकणाने बीटाचं पाणी सगळ्यांसमोर ओता. वाटीचा तळ जेमतेम झाकला जातो. ‘सगळं रक्त निघून जातं’ या भीतीवर हे दृश्य दहा वाक्यांपेक्षा जास्त काम करतं.
- तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल किंवा दहाच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडत असतील तर डॉक्टरांकडे जायचं.
- पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, कप जास्तीत जास्त बारा तास. कापड वापरणं वाईट नाही. साबणाने धुवून उन्हात न वाळवणं वाईट. पलंगाखाली, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवलेलं कापड दमट राहतं आणि खाज, जंतुसंसर्ग तिथून सुरू होतो.
- हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर नीट लागू पडत नाही. गोळीने शौचाला काळं होतं, ते धोक्याचं नाही. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी गोळ्या कचऱ्यात जातात. दहा ते एकोणीस वयाच्या मुलींना शाळा-अंगणवाडीतून आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ती हीच.

मग पंधरा मिनिटं पॅड, कापड, कप हातात फिरवू द्या. गप्पा इथे सुरू होतात, तुम्ही गप्प बसा.

त्यानंतर चिठ्ठ्या. प्रत्येकीला एक चिठ्ठी आणि प्रत्येकीने डब्यात टाकायचीच. प्रश्न नसेल तर ‘नाही’ लिहायचं. लिहिण्याच्या हालचालीवरून कुणाला प्रश्न आहे हे ओळखू येऊ नये म्हणून हा नियम. लिहिता न येणाऱ्यांसाठी बैठकीबाहेरच्या एका मुलीला कोपऱ्यात बसवा. शेजारणीकडून लिहून घेणं अवघड जातं.

उरलेल्या वेळात चारपाच चिठ्ठ्या वाचा. आधी तुम्ही एकटीने चाळा; एखादीत नाव, घर किंवा ओळखू येईल असं काही असेल तर ती वाचू नका. उत्तर नक्की माहीत नसेल तर ‘पुढच्या वेळी विचारून सांगते’ म्हणा आणि वहीत लिहून घ्या. अंदाजाने दिलेलं एक चुकीचं उत्तर दहा बरोबर उत्तरांवर पाणी फिरवतं.

६. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या

ही चिठ्ठी नक्की निघणार. गौरी-गणपती, सत्यनारायण, वणीची चैत्रातली यात्रा, घरचं लग्न, हज-उमरा. धर्म कुठलाही असो, गोळी तीच. म्हणून हा विषय समजून घेऊन जा.

गोळीतलं औषध बहुधा नॉरेथिस्टेरॉन असतं. ती पाळीच्या अपेक्षित तारखेच्या किमान तीन दिवस आधी सुरू करावी लागते. आदल्या रात्री घेतलेली गोळी बऱ्याचदा उपयोगी पडत नाही आणि मग बाई दुप्पट घेते. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी येते. ही गोळी गर्भ राहण्यापासून वाचवत नाही, हे वेगळं सांगावंच लागतं. तिची आणि ७२ तासांच्या गोळीची गल्लत करू नये. ती संबंधानंतरची आहे, पाळी लांबवायची नाही.

पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, यकृताचा आजार असलेली, स्तनाचा कर्करोग झालेली, डोळ्यांसमोर चमकून अर्धशिशी उठणारी किंवा कारण न कळता रक्तस्राव होणारी बाई असेल तर डॉक्टरांशिवाय ही गोळी घ्यायचीच नाही. दिवस गेले असण्याची शंका असेल तर आधी चाचणी. मेडिकलच्या दुकानातून नुसतं ‘पाळी ढकलायची द्या’ म्हणून आणण्याची सवय इथे मोडायला हवी.

‘मग घ्यायची की नाही?’ असं विचारतील. तो निर्णय तिचा. तुम्ही धोका सांगितलात, योग्य वेळ सांगितलीत, डॉक्टरांकडे पाठवलंत. तुमचं काम तिथे संपतं. ‘देवाला पाळी चालते, गोळी कशाला’ हे वाक्य तुमच्या मनात कितीही आलं तरी गिळा. निदान पहिल्या वर्षी.

याच प्रश्नाला जोडून लघवी दाबून धरण्याबद्दलही बोला. पायी यात्रेत, दिंडीत, दिवसभराच्या रांगेत बायका पाणीच पीत नाहीत, कारण जागा नसते. लघवीला जळजळ, ताप, कंबरदुखी घेऊन परत येतात. यावर कुणाचाही आक्षेप नसतो आणि बोलायला दार लगेच उघडतं.

७. धर्माचा प्रश्न आला की

‘पाळीत देवाला शिवलं तर चालतं का?’ ‘रोजा तुटतो का?’ हे येणारच. आरोग्यावर बोलायला आलेल्या मुलीने निकाल द्यायचा नसतो. उत्तराचे दोन भाग करा. शरीराचा भाग तुमचा: हे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचं रक्त आहे, त्यात विष नाही, त्याने लोणचं नासत नाही. आचाराचा भाग त्यांच्या घरचा. तो काकू, आपा, भन्तेजी, फादर यांना विचारायला सांगा, आणि त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे त्या दिवशी ते अवघडणार नाहीत.

पण प्रत्येक परंपरेत बोलायला जागा आहे आणि ती तुम्हाला ठाऊक हवी. वारकऱ्यांच्या भजनी मंडळात संत सोयराबाईंचा विटाळावरचा अभंग कुणाला तरी पाठ असतो. तो त्यांनाच म्हणू द्या, तुम्ही अर्थ सांगू नका. मुस्लिम मुलींना मदरशात हैज (पाळी) आणि गुस्ल (शुद्धीची आंघोळ) यांचे नियम शिकवले जातात, म्हणजे विषय नवा नाहीच. लाजेमुळे धर्म समजून घेण्यात मागे न राहिलेल्या मदिनेतल्या अन्सार स्त्रियांची प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशांनी केलेली स्तुती आलिमांना माहीत असते; त्यांनी ती सांगितली तर बैठक सैल होते. विहारात पंचशीलातलं तिसरं शील (लैंगिक गैरवर्तनापासून दूर राहणं) घ्या. त्यातून संमती आणि जबरदस्ती यावर बोलणं सहज निघतं. कॅथलिक चर्चमध्ये लग्नाआधीचे वर्ग असतातच. तिथे गर्भनिरोधनाच्या साधनांवर चर्चची शिकवण वेगळी आहे हे लक्षात ठेवून आधी पाळीचं चक्र ओळखण्यापासून सुरू करा, आणि साधनांची माहिती हवी असलेल्यांना दवाखान्याचा पत्ता द्या.

तीन गोष्टी करू नका. दोन धर्मांची तुलना. ग्रंथातलं वचन तोंडपाठ फेकून वाद जिंकणं. सगळ्यात जास्त मार इथेच बसतो, कारण समोरच्याकडे दुसरं वचन तयार असतं. आणि बैठकीचा मोर्चा करणं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच शहरात सुरू झाला, त्यामुळे कुणीतरी मंदिरप्रवेशाचा मुद्दा काढणारच. मुद्दा मोलाचा आहे. त्यासाठी वेगळी सभा घ्या. त्या दिवशी मात्र कोपऱ्यात बसलेल्या सुनेला आपली खाज कुणाला दाखवायची एवढंच विचारायचं असतं.

अंगावरून जाण्याबद्दल एवढं पुरे: पाण्यासारखं किंवा पांढरट, वास-खाज नसलेलं जाणं आजार नाही. पिवळं-हिरवं, दह्यासारखं, वास मारणारं, खाज किंवा ओटीपोटात दुखण्यासोबत येणारं असेल तर तपासणी. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं; एकट्या बाईने घेतलं की महिन्याभरात परत होतं. हे सांगायला लाजू नका. बायका वर्षानुवर्षं एकट्याच गोळ्या खात राहतात.

८. पुढे कुठे जायचं, त्याची यादी

यादी छापण्याआधी प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन या. कुठल्या वारी बाई डॉक्टर असतात, कुठल्या दारातून आत जायचं, केसपेपर कुठे निघतो, सोबत काय लागतं. ‘सिव्हिलला जा’ एवढं सांगून बाई जात नाही. ‘त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये अमुक खिडकी, सकाळी नऊला’ म्हटलं तर जाते.

यादीत हे असू द्या:

- जवळचं महापालिकेचं आरोग्य केंद्र. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र
- दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक
- एचआयव्हीच्या मोफत आणि गोपनीय चाचणीसाठी आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्र
- ३० वर्षांवरच्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची तपासणी. आम्लाचं पातळ द्रावण लावून बघतात, भूल लागत नाही, काही मिनिटांत होते.
- फोन: १०४ आरोग्य सल्ला, १०९७ एचआयव्ही, १८१ महिला, १०९८ मुलांसाठी, १४४१६ मानसिक आरोग्य, ११२ तातडीची मदत

चिठ्ठी पाकिटात मावेल एवढी छोटी करा आणि वर ‘आरोग्य’ एवढंच लिहा. ‘गुप्तरोग’ लिहिलेला कागद घरी सापडला तर ती पुढच्या बैठकीला दिसणार नाही.

९. कायद्याची बाजू

‘तुझी गोष्ट कुणालाच सांगणार नाही’ असं वचन अठरा वर्षांखालच्या मुलीला कधीही देऊ नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे अठराखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच सांगा: ‘तुमचं गुपित आम्ही राखू, पण कुणा मुलीला इजा होत असेल तर मदत बोलवावी लागेल.’ एखादी बोललीच तर उलटतपासणी करू नका, तपशील खोदू नका, घरच्यांना परस्पर सांगू नका. अत्याचार करणारा घरातलाच असू शकतो. १०९८ ला फोन करा, ती एकटी राहणार नाही एवढं बघा.

अठराच्या आत लग्न ठरत असल्याचं कळलं तरी १०९८. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात.

गर्भपाताबद्दल विचारलं तर एवढं सांगा: तो ठरावीक अटींवर कायदेशीर आहे, १९७१ पासून. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. अविवाहित स्त्रीलाही तोच हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं. गोळ्या परस्पर आणून घरी घेऊ नयेत. मुलगी की मुलगा हा प्रश्न आला तर एक अक्षर बोलायचं नाही.

‘कौमार्य’ हा शब्दही येतो, काही समाजांत लग्नाच्या रात्रीची चाचणी अजून ऐकू येते. तिथे ठामपणे बोला. योनीच्या तोंडाशी असलेल्या पडद्यावरून किंवा रक्ताच्या डागावरून काहीही कळत नाही. आपल्याच नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये कौमार्याच्या खुणांचा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. बायका हे लक्षात ठेवतात, कारण विद्यापीठाची पाटी म्हसरूळच्या रस्त्यावर त्यांनी पाहिलेली असते.

१०. विरोध झाला तर

पहिला विरोध व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. ‘आपल्या मुलींना काय शिकवतायत’ असा संदेश, सोबत कुठलातरी भलताच फोटो. ग्रुपवर उत्तर देऊ नका. स्क्रीनशॉट ठेवा, काकूंना दाखवा, आणि काकूंसह दोन-तीन जणींना घेऊन ज्याने संदेश टाकला त्याच्या घरच्या बायकांना भेटा. विनंतीपत्राची पोच आणि नर्सताईंचं पद इथे उपयोगी पडतं.

महाराज, मौलाना किंवा फादर नाराज असतील तर त्यांना उत्तर द्यायला तुम्ही एकटीने जाऊ नका. डॉक्टर आणि मोठी बाई सोबत हव्यात. बैठकीत काय बोललं गेलं त्याचं पान आधी द्या. पुष्कळदा राग विषयावर नसतो. आपल्याला आधी विचारलं नाही, यावर असतो.

जातपंचायतीने किंवा समाजाने वाळीत टाकायची धमकी दिली तर ती नुसती धमकी राहत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार द्यायची की नाही ते कुटुंबाशी बोलून ठरवा. पण तारीख, वेळ, कोण काय बोललं हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

तुमच्या बाजूनेही काळजी घ्या. देवदेवतांवर, प्रेषितांवर, संतांवर विनोद नको, खासगी ग्रुपवरही नको. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावल्याचं कलम, भारतीय न्याय संहितेचं २९९, कुणीही पुढे करू शकतं.

११. दुसरी बैठक

पंधरा दिवसांत घ्या, महिन्याच्या पुढे लांबवू नका. पहिल्या डब्यातल्या न वाचलेल्या प्रश्नांची उत्तरं आधी द्या, नवा विषय नंतर. नोंद फक्त आकड्यांची ठेवा: किती जणी आल्या, किती चिठ्ठ्यांवर ‘नाही’ होतं. नावांची यादी करू नका, सह्याही घेऊ नका. एखादी संस्था पैसे देते म्हणून हजेरीपट मागत असेल तर ते पैसे नकोत.

पहिल्या वेळी ‘नाही’च्या चिठ्ठ्या निम्म्याहून जास्त निघाल्या तर निराश होऊ नका. त्या हळूहळू कमी होतात. त्या कमी होत नसतील तर सहसा डब्यातच काहीतरी बिघडलेलं असतं: कुणीतरी चिठ्ठ्या उघडून बघितल्यात, किंवा कुणाचा तरी प्रश्न चहाच्या वेळी बोलला गेलाय. अशा वेळी डबा बदला, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर फाडून पाण्यात टाका, आणि पुढच्या खेपेपासून डबा काकूंच्या घरी देवघरात ठेवायला द्या. तिथून तो कुणी उघडत नाही.